एसडीआयवरून आयपीवर: चित्र आलं म्हणजे वेळ जुळली असं नाही (पीटीपीचा अनुभव, जरा मोठा धागा)

रॅकमागचा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायला बसलोय कारण गेल्या काही महिन्यांत जे शिकलो ते कुणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

आमच्या टीव्ही केंद्रात दोन पीसीआर (कार्यक्रमाचे कंट्रोल रूम) आणि एक एमसीआर (मुख्य कंट्रोल रूम). सगळं एसडीआय, म्हणजे एका सिग्नलला एक केबल, बीएनसी टोकांच्या केबलचे जुडगे, मधे मोठा राऊटर, आणि ब्लॅक बर्स्ट (सगळ्यांना ताल देणारा रेफरन्स सिग्नल) डीए म्हणजे वाटप अ‍ॅम्प्लिफायरमधून वाटून प्रत्येक रॅकला दिलेला. हे सगळं एसटी २११० वर, म्हणजे चित्र-आवाज आयपी नेटवर्कवरून पॅकेटमध्ये पाठवायच्या मानकावर, न्यायचं ठरलं. मीटिंगमध्ये चर्चा कशाची, तर स्विच किती पोर्टचे, १०० जी की २५ जी, कंट्रोल सॉफ्टवेअर कुणाचं, ऑपरेटरला पॅनेल तसंच दिसणार का. टायमिंगवर एक ओळ होती, "जीपीएस ग्रँडमास्टर, २ नग" (ग्रँडमास्टर म्हणजे सगळ्यांना वेळ देणारं मुख्य घड्याळ). बस्स.

एसडीआयमध्ये वेळ वायरीतच असते हो. एचडीला १.४८५ गिगाबिटचा प्रवाह अखंड वाहत असतो, ओळ कुठे सुरू होते नि कुठे संपते ते त्यातच असतं, रेफरन्स दिला की सगळे त्या तालावर. आयपीवर गेल्यावर तो ताल वायरीतून नाहीसा होतो. पॅकेट येतात, प्रत्येकावर आरटीपीचा टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा शिक्का, असतो, आणि तो टाइमस्टॅम्प खरा की खोटा हे ठरवायला पाठवणारा आणि घेणारा दोघांच्या घड्याळात एकच वेळ असावी लागते. ती वेळ वाटायची पद्धत म्हणजे पीटीपी, मानक आयईईई १५८८, आणि आपल्या धंद्यासाठी त्याचं प्रोफाइल (सेटिंगचा ठरलेला संच) एसटी २०५९-२, जे २०१५ साली आलं. त्याचं उद्दिष्ट असं की कुठल्याही दोन उपकरणांमधला फरक १ मायक्रोसेकंदाच्या आत हवा आणि नवीन जोडलेलं उपकरण ५ सेकंदांत लॉक व्हायला (त्या वेळेला जुळायला) हवं.

आता प्रसंग सांगतो. सहा आठवडे सगळं छान. एके दुपारी तालीम चालू होती (नशिबाने थेट काही नव्हतं) आणि स्विचरचे (चित्रं निवडायच्या यंत्राचे) निम्मे इनपुट काळे, आवाजात टक् टक्, मल्टिव्ह्युअरवर (सगळी चित्रं एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर) काही खिडक्या गोठलेल्या, आणि गंमत नाही सांगत पण प्रत्येक उपकरण म्हणत होतं "पीटीपी लॉक्ड". हिरवा दिवा. चाळीस मिनिटं आम्ही मल्टिकास्टच्या (एक प्रवाह अनेकांना वाटण्याच्या) मागे लागलो कारण लॉक तर दिसतंय ना.

झालं होतं असं की ऑडिओवाल्यांनी एक स्टेजबॉक्स (मंचावरचे माइक जोडायचा डबा) आणून जोडला. तो आधी दुसऱ्या कामात स्वतःच ग्रँडमास्टर म्हणून वापरला होता आणि त्याची प्रायॉरिटी १ ची व्हॅल्यू १० ठेवलेली राहून गेली होती, आमच्या ग्रँडमास्टरची १२८. ग्रँडमास्टर निवडणारं जे अल्गोरिदम आहे, बीएमसीए, ते सगळ्यात आधी प्रायॉरिटी १ बघतं, घड्याळाचा दर्जा म्हणजे क्लॉक क्लास त्यानंतर. लहान आकडा जिंकतो. म्हणजे जीपीएसला लॉक असलेलं क्लास ६ चं उत्तम घड्याळ बाजूला, आणि हा बॉक्स, ज्याचं घड्याळ चालू केल्याक्षणी १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागलं होतं, तो राजा. सगळे त्याला प्रामाणिकपणे लॉक झाले, कुणी दोन सेकंदांत कुणी वीस सेकंदांत, आणि त्या मधल्या काळात एकाची वेळ आजची आणि दुसऱ्याची १९७० ची.

माझं म्हणणं इतकंच आहे आणि त्यासाठीच हा धागा: चित्र नेटवर्कवर घालायच्या आधी वेळेचं डिझाइन करा, ती मोडून बघा, परत लावून बघा, मगच पहिला कॅमेरा जोडा. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

नवखी_इंजिनिअर:

खूप छान लिहिलंय, वाखु (वाचनखूण) साठवली. मी या क्षेत्रात नवीन आहे म्हणून बाळबोध प्रश्न विचारते, रागावू नका. सगळ्या कंप्युटरची वेळ एनटीपीने जुळतेच की, मग हे वेगळं पीटीपी कशाला?

रॅकमागचा:

रागवायचं काय त्यात, आमच्या मीटिंगमध्ये हाच प्रश्न वरच्या साहेबांनी विचारला होता. आकडे बघा म्हणजे कळेल. १०८०पी५० मध्ये एका फ्रेमला ११२५ ओळी, सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे एक ओळ जेमतेम १७.८ मायक्रोसेकंदांची. ४८ किलोहर्ट्झ आवाजाचा एक सॅम्पल २०.८ मायक्रोसेकंद. एनटीपी साधारण मिलिसेकंदांच्या हिशोबात बोलतं. एक मिलिसेकंद चुकला की तुम्ही ५६ ओळी चुकलात. लॉगमध्ये वेळ लिहायला ठीक, चित्र जुळवायला नाही.

पॅकेटवाचक:

धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत. ताई, थोडं खोलात सांगतो कारण हे गणित समजलं की निम्मे घोळ आपोआप कळतात.

ग्रँडमास्टर सिंक मेसेज पाठवतो, निघाल्याची वेळ टी१. तुमच्याकडे पोचला, तुमच्या घड्याळात टी२. आता तुम्ही डिले रिक्वेस्ट पाठवता टी३ ला, ती त्याच्याकडे पोचते टी४ ला, आणि तो टी४ तुम्हाला कळवतो. चार आकडे झाले. टी२ वजा टी१, त्यातून टी४ वजा टी३ घालवायचं आणि निम्मं करायचं, हा तुमच्या घड्याळातला फरक. साधं आहे. पण यात एक गृहीतक लपलंय, की जाताना आणि येताना लागणारा वेळ सारखाच. समजा जाताना ४०० नॅनोसेकंद लागले आणि येताना ६००. गणित म्हणणार दोन्हीकडे ५००, आणि तुमचं घड्याळ १०० नॅनोसेकंदांनी कायमचं चुकीचं, आणि ते तुम्हाला कधीही कळणार नाही कारण ऑफसेट, म्हणजे गणिताने काढलेला फरक, शून्यच दिसणार. फायबरमध्ये मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद धरा. जाणारी आणि येणारी फायबर वेगवेगळ्या वाटेने गेली आणि एक किलोमीटरचा फरक पडला, तर फरक ५ मायक्रोसेकंदांचा, चूक अडीचची. एक मायक्रोसेकंदाचं बजेट संपलं की तिथेच.

आणि स्विचमध्ये पॅकेट रांगेत थांबलं तर तोही वेळ यात घुसतो. म्हणून साधा स्विच चालत नाही, एकतर बाउंड्री क्लॉक हवा, म्हणजे स्विच स्वतः वरच्याला लॉक होतो आणि खाली स्वतःची वेळ वाटतो, नाहीतर ट्रान्स्परंट क्लॉक, जो "हे पॅकेट माझ्याकडे इतके नॅनोसेकंद थांबलं" असं त्या मेसेजमध्येच लिहून पुढे देतो. शंभराच्या वर उपकरणं असतील तर बाउंड्रीच घ्या, नाहीतर सगळ्यांच्या डिले रिक्वेस्ट, सेकंदाला ८ प्रत्येकी, थेट ग्रँडमास्टरवर जाऊन आदळतात.

धागाकर्ते, तो स्टेजबॉक्स परत आला तर काय करणार? प्रायॉरिटी १ बदललीत का?

रॅकमागचा:

ग्रँडमास्टरची प्रायॉरिटी १ खाली आणलीच, पण ते पुरेसं नाही, उद्या कुणी १ टाकून आणेल. खरा इलाज स्विचवर. उपकरणांकडे तोंड असलेले सगळे पोर्ट आम्ही मास्टर रोलला (फक्त वेळ द्यायची, घ्यायची नाही) बांधून टाकले, म्हणजे त्या पोर्टवरून कुणी कितीही ओरडून सांगितलं की मी ग्रँडमास्टर, स्विच ऐकतच नाही. शिवाय ज्या उपकरणात फक्त स्लेव्ह (दुसऱ्याची वेळ घेणारा) असा पर्याय आहे तिथे तो चालू. हे दोन्ही पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

ध्वनिवेडा:

ऑडिओवाल्यांवर सगळं ढकललंत म्हणून लॉगिन केलं. अहो, आमचीही बाजू ऐका. आमच्या जगात एईएस६७ (आयपीवरून आवाज पाठवायचं मानक) आहे, २०१३ पासून, आणि त्याचं पीटीपी प्रोफाइल वेगळं. डोमेन (पीटीपीच्या गटाचा क्रमांक) बहुतेक ठिकाणी ०, तुमच्या २०५९ चं डीफॉल्ट डोमेन १२७. अनाउन्स मेसेज (ग्रँडमास्टर स्वतःची ओळख सांगतो तो) आमच्याकडे डीफॉल्टला दोन सेकंदांतून एक, तुमच्याकडे सेकंदाला चार. आणि डान्टे, ही आवाजाच्या नेटवर्कची प्रणाली, मुळात १५८८ ची २००२ ची आवृत्ती वापरतं, जिचं २००८ च्या आवृत्तीशी जमत नाही, एईएस६७ मोड चालू केल्यावरच ते तुमच्या भाषेत बोलायला लागतं. मग आमचा माणूस काय करणार, त्याला आवाज चालू करून द्यायचा असतो, तो बॉक्स स्वतःच मास्टर करून मोकळा होतो.

यावर तोडगा आहे. दोन्ही प्रोफाइलच्या मर्यादांत बसतील अशा व्हॅल्यू घ्यायच्या, सिंक सेकंदाला ८, अनाउन्स सेकंदाला १, आणि डोमेन संपूर्ण इमारतीत एकच. एईएसचा आर१६ नावाचा अहवाल, २०१६ चा, नेमका याच विषयावर आहे. आणि कृपा करून डिझाइनच्या मीटिंगला ऑडिओच्या माणसाला बोलवा.

रॅकमागचा:

ध्वनिवेडा, मान्य. मनापासून. तो बॉक्स आणणाऱ्याची चूक नव्हती, आम्ही त्याला नियमच सांगितला नव्हता. अनाउन्स आता सेकंदाला १ केलंय. एक लक्षात ठेवा फक्त, तीन अनाउन्स चुकले की ग्रँडमास्टर गेला असं धरलं जातं, म्हणजे आधी पाऊण सेकंदात कळायचं ते आता तीन सेकंदांत कळतं. आम्हाला चाललं कारण तेवढा वेळ उपकरणं स्वतःच्या जोरावर आरामात तग धरतात.

बारा_जी:

मला एक कळत नाही, एवढा सगळा खटाटोप कशासाठी? दोन पीसीआरसाठी १२जी-एसडीआय (एसडीआयचीच वेगवान आवृत्ती) घ्या, एका केबलमध्ये यूएचडी (४के चित्र) जातं, इंजिनिअरला केबल ओढून दुसरीकडे लावली की प्रश्न सुटतो. रात्री दोन वाजता पॅकेट कॅप्चर वाचायला कोण बसणार? मी पंचवीस वर्षं बीएनसी क्रिंप केलेत, एकाही केबलने मला १९७० साल दाखवलं नाही.

पॅकेटवाचक:

बारा_जी सर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि लहान, न वाढणाऱ्या जागेसाठी मीही तेच सांगेन. पण हिशोब बघा. १०८०पी५० चं नुसतं चित्र, १० बिट ४:२:२, म्हणजे २.०७ गिगाबिट. हेडर वगैरे धरून सव्वादोनच्या आत. १०० जी च्या एका फायबर जोडीवर असे चाळीसच्या वर प्रवाह, आणि तेवढेच उलट दिशेनेही. एसडीआयला एक केबल, एक सिग्नल, एक दिशा. शिवाय आवाज, चित्र, अ‍ॅन्सिलरी (सोबतचा जादा) डेटा वेगळे, २११०-३०, -२० आणि -४०. नुसता आवाज हवा असेल तर पूर्ण चित्र ओढून आणून डीएम्बेड करायला (त्यातून आवाज वेगळा काढायला) लागत नाही. ज्यांच्याकडे राऊटर भरलाय आणि पुढचा दुप्पट घ्यायचा तर चौपट क्रॉसपॉइंट (इनपुट-आउटपुट जोडणारे बिंदू) लागणार, त्यांना हा रस्ता धरावाच लागतो.

रात्री दोनचा मुद्दा मात्र खराच आहे. एका १०८०पी५० प्रवाहात साधारण सव्वादोन लाख पॅकेट सेकंदाला, ते डोळ्यांनी वाचता येत नाहीत. ईबीयूचं (युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेचं) लिस्ट नावाचं मोफत साधन आहे, कॅप्चर त्यात टाकलं की टाइमस्टॅम्प, पॅकेटमधली अंतरं, २११०-२१ (पॅकेट किती समान अंतराने पाठवायचे त्याचे नियम) मध्ये बसतंय की नाही, सगळं दाखवतं. टीमला ते शिकवल्याशिवाय जाऊ नका.

बारा_जी:

शिकवलं तर ठीक. बहुतेक ठिकाणी उपकरणं येतात आणि शिकवणं पुढच्या बजेटवर जातं, माझा राग त्यावर आहे.

रॅकमागची_सावली:

इथे ग्रँडमास्टरचा विषय निघालाय म्हणून आमचा किस्सा. आमच्याकडे जीपीएस अँटेनाची केबल खराब झाली आणि क्लास ६ वरून ७ झाला, म्हणजे होल्डओव्हर, जीपीएसविना घड्याळ स्वतःच्या जोरावर. सगळे घाबरले, आता सगळं कोसळणार. काहीच झालं नाही. कारण घड्याळ सरकत होतं पण सगळे त्याच घड्याळाला धरून सरकत होते, इमारतीच्या आत कुणालाच फरक नाही. गडबड झाली ती अँटेना दुरुस्त झाल्यावर. जीपीएस परत आल्यावर ग्रँडमास्टरने वेळ हळूहळू न सरकवता एकदम उडी मारली आणि सगळी इमारत हलली. तेव्हा परत येण्याची चाचणी करा, जाण्याची सगळेच करतात.

पॅकेटवाचक:

हे फार महत्त्वाचं आहे. होल्डओव्हरमध्ये घड्याळ अब्जात एक इतकं जरी चुकत असेल तरी सेकंदाला एक नॅनोसेकंद, म्हणजे सतरा मिनिटांत एक मायक्रोसेकंद आणि दिवसभरात ८६. आता दुसरा ग्रँडमास्टर, जो अजून जीपीएसवर आहे, त्याच्याकडे गेलात तर तेवढी उडी. म्हणून क्लास ७ झाल्याझाल्या, फरक लहान असतानाच, दुसऱ्याकडे जाऊ द्यायचं. त्यासाठी दोन्ही ग्रँडमास्टरची प्रायॉरिटी १ सारखी ठेवा, म्हणजे निर्णय क्लासवर होतो, आणि कोण पहिला हे प्रायॉरिटी २ ने ठरवा. पुष्कळ ठिकाणी लोक प्रायॉरिटी १ ने मुख्य आणि राखीव ठरवतात, मग मुख्याचा जीपीएस जाऊन दोन दिवस झाले तरी तोच राजा राहतो.

नवखी_इंजिनिअर:

अजून एक विचारू? आमच्या स्टुडिओतलं भिंतीवरचं घड्याळ आयपीवर गेल्यापासून ३७ सेकंद पुढे आहे. व्हेंडर म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम.

पॅकेटवाचक:

नेटवर्कचा नाही ताई. पीटीपी टीएआय नावाच्या कालगणनेत चालतं, तीत लीप सेकंद (मधेच वाढवलेले सेकंद) नसतात. आपण वापरतो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १ जानेवारी २०१७ पासून तिच्या ३७ सेकंद मागे आहे. हा फरक ग्रँडमास्टर अनाउन्समध्ये सांगतो, तुमचं घड्याळ तो वजा करत नाहीये, किंवा ग्रँडमास्टरने तो वैध आहे असा फ्लॅग लावलेला नाही. १८ सेकंद पुढे असतं तर समजायचं की कुणीतरी जीपीएसची वेळ थेट दाखवतंय. आणि १९ मागे असेल तर ग्रँडमास्टर जीपीएसची वेळच टीएआय म्हणून वाटतोय.

रॅकमागचा:

आणि याच्यातच धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर आहे. २५/५० फ्रेमच्या देशात सेकंदात पूर्ण फ्रेम बसतात. म्हणजे वेळ १९ सेकंदांनी चुकली तरी फ्रेमची सुरुवात बरोबर जागेवरच येते! ब्लॅक बर्स्टशी तुलना करा, स्कोपवर बघा, सगळं तंतोतंत. २९.९७ वाल्यांकडे लगेच दिसतं कारण ३७ सेकंदांत ११०८.९ फ्रेम, फेज हलतेच. आपल्याकडे चित्र बरोबर आणि वेळ चूक हे महिनोन् महिने एकत्र नांदू शकतं, आणि ज्या दिवशी टाइमस्टॅम्प काटेकोर बघणारा रिसीव्हर आणाल त्या दिवशी तो काळं चित्र दाखवतो आणि सगळे त्या नव्या रिसीव्हरला शिव्या घालतात.

ध्वनिवेडा:

लिप सिंकचंही तेच. चित्र आणि आवाज वेगळे झाले, जुळवायचे कशावरून, तर टाइमस्टॅम्पवरून. पण मधली बरीच उपकरणं प्रोसेसिंग करून बाहेर टाकताना नवीन टाइमस्टॅम्प मारतात, मूळ कॅप्चरची वेळ पुसून टाकतात. मग ग्राफिक्समधून जाऊन दोन फ्रेम उशिरा आलेलं चित्र आणि थेट आलेला आवाज दोघेही म्हणतात आम्ही आत्ताचेच. शेवटी आम्ही हातानेच डिले लावतो, तोही प्रत्येक वाटेला वेगळा. खरेदीच्या वेळी हा प्रश्न लेखी विचारा, मूळ टाइमस्टॅम्प पुढे नेता का.

रॅकमागची_सावली:

+१. आणि दूरच्या मैदानावरून रिमोट प्रॉडक्शन असेल तर पीटीपी भाड्याच्या लाइनवरून ओढू नका, जाण्यायेण्याचा वेळ कधी सारखा नसतो. दोन्ही टोकांना जीपीएस लावा, आकाश एकच आहे.

रॅकमागचा:

अपडेट देतो. शनिवारी रात्री सगळं मुद्दाम मोडून बघितलं. चालू ग्रँडमास्टरची वीज काढली, तीन सेकंदांत दुसरा आला, ऑफसेटच्या आलेखात सगळ्यात मोठी उसळी ३०० नॅनोसेकंदांच्या आसपास, चित्र आवाज काही हललं नाही. अँटेना काढली, परत लावली. मग तोच स्टेजबॉक्स, तीच १० प्रायॉरिटी, मुद्दाम जोडला. स्विचने ढुंकूनही पाहिलं नाही.

आता उद्या सकाळपासून सगळे प्रवाह १४ तास सलग चालवणार. व्हिडिओचा आरटीपी टाइमस्टॅम्प ३२ बिटचा आणि ९० किलोहर्ट्झवर मोजला जातो, म्हणजे १३ तास १५ मिनिटांनी तो भरून परत शून्यावर येतो. तिथे काही होतं का बघायचंय.

पॅकेटवाचक:

एक बारीक दुरुस्ती. ते १३ तास तुम्ही चालू केल्यापासून मोजायचे नाहीत, टाइमस्टॅम्प १९७० पासूनच्या वेळेवरून निघतो, त्यामुळे शून्य कधी येणार ते घड्याळावरूनच आधी काढता येतं. टीएआय सेकंदांना ९०००० ने गुणा आणि २ च्या ३२ व्या घाताने भागून बाकी बघा. नेमक्या त्या मिनिटाला समोर बसा. आवाजाचं वेगळं, ४८ किलोहर्ट्झला तो फेरा २४ तास ५१ मिनिटांचा आहे, १४ तासांत सापडेलच असं नाही.

रॅकमागचा:

धन्यवाद, तसंच केलं. आकडा काढला, संध्याकाळी ७ नंतर येत होता, चौघंजण मल्टिव्ह्युअरसमोर बसलो. बाकी सगळे सरळ पार झाले, एका मॉडेलची गेटवे कार्डं (एसडीआय आणि आयपी एकमेकांत बदलणारी), आमच्याकडे अशी सहा आहेत, सगळी एकाच क्षणी गोठली आणि चार सेकंदांनी परत आली. पीटीपी पूर्ण वेळ हिरवं. मग लॉग उघडले तर गेल्या दोन महिन्यांत ही कार्डं अशी "अधूनमधून" गोठल्याच्या अकरा नोंदी, कुणी कारण लिहिलेलं नाही, दोन ठिकाणी केबल बदलल्याची नोंद. प्रत्येक नोंदीची वेळ त्या गणितात घालून बघितली, अकराच्या अकरा बसल्या. कॅप्चर आणि हिशोब बनवणाऱ्यांना पाठवलाय, नवीन फर्मवेअर येईपर्यंत त्या कार्डांवर ऑन एअर काही ठेवत नाही. आवाजाच्या फेऱ्यासाठी गुरुवारी पुन्हा बसतोय, ध्वनिवेडा, तुम्हाला कुठलं उपकरण आधी बघावंसं वाटतं ते सांगा.